युरोपियन कन्झ्युमर सेंटर: दुसऱ्या देशातलं दुकान दाद देत नसेल तर इथे जा

मी नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला राहतो, कॉफी मशीन घेतलं होतं जर्मनीतल्या एका ऑनलाइन दुकानातून, 640 युरोचं. साइट डचमध्ये, डिलिव्हरी घरपोच, त्यामुळे बाहेरच्या देशातून घेतोय असं वाटलंच नाही. 26 महिन्यांनी पंप गेला. मेल केला तर एका ओळीचं उत्तर, हमीची दोन वर्षं संपली, आमच्या अटींप्रमाणे जर्मन कायदा लागतो, पैसे भरून रिपेअर करा. मी सोडूनच देणार होतो पण ऑफिसातला एक जण म्हणाला ईसीसीकडे (म्हणजे हेच युरोपियन कन्झ्युमर सेंटर, दुसऱ्या देशातल्या दुकानाविरुद्धच्या तक्रारीत मदत करतं) टाक, एक पैसा लागत नाही.

खरंच लागला नाही. फोनवरच्या मॅडमनी इतकं शांतपणे समजावलं की मला पहिल्यांदा कळलं, दोन वर्षं म्हणजे सगळ्या युरोपचा कायदा हा माझा समज चुकीचा होता. 2019 चा जो युरोपियन युनियनचा वस्तूविक्रीचा डायरेक्टिव्ह (प्रत्येक देशाने आपल्या कायद्यात आणायचा नियम) आहे (1 जानेवारी 2022 पासून लागू) तो फक्त म्हणतो की निदान दोन वर्षं द्या, पुढे देशांची मर्जी. स्पेन, पोर्तुगाल, स्वीडनमध्ये तीन, जर्मनीत दोनच, आणि नेदरलँड्समध्ये आकडाच नाही, त्या किमतीची वस्तू नीट वापरली तर साधारण किती टिकायला हवी ते बघतात. आता 640 युरोचं मशीन दोन वर्षांत मरावं असं कोण म्हणेल?

पण डच कायदा का लागेल, दुकान तर जर्मन? तर करारांना कुठल्या देशाचा कायदा लागतो ते ठरवणारं रोम-1 म्हणून युरोपियन युनियनचं रेग्युलेशन आहे, त्याचं कलम 6. दुकानदार तुमच्या देशातल्या गिऱ्हाइकांना ठरवून माल विकत असेल तर अटींमध्ये काहीही लिहू दे, तुमच्या देशाच्या कायद्याने दिलेलं संरक्षण त्याला काढून घेता येत नाही. डच भाषेतली साइट हा माझा मोठा पुरावा ठरला, नशिबाने ऑर्डरच्या वेळचे मेल जपून ठेवले होते.

एक गोष्ट मात्र माझ्यावर होती. पहिल्या वर्षात बिघाड झाला तर दोष मुळातच होता असं धरतात, नंतर इथे ते आपल्याला दाखवावं लागतं (फ्रान्समध्ये ही सवलत दोन वर्षं आहे). म्हणून मेकॅनिककडून लेखी रिपोर्ट घेतला, 55 युरो गेले. मग केस इथल्या सेंटरने जर्मनीच्या सेंटरकडे पाठवली, ते केल गावात आहे, ऱ्हाइनच्या काठावर, पलीकडे स्ट्रासबूर्ग. तिथून त्यांनी दुकानाला जर्मनमध्ये लिहिलं आणि पाच आठवड्यांत दुकानाने मशीन परत मागवलं, पोस्टाचा खर्च त्यांचा, पंप नवा. मी एकट्याने लिहिलेल्या चार मेलना जे जमलं नाही ते एका पत्राने झालं.

सगळीकडे एकच कायदा हवा असं मी आधी तावातावाने म्हणायचो. 2011 मध्ये युरोपियन कमिशनने सामायिक विक्री कायद्याचा प्रस्ताव आणला होता, तो 2014 च्या शेवटी सोडून दिला, याचं मला वाईट वाटायचं. पण 2015 च्या पुढच्या मसुद्यात सगळ्यांना सरसकट दोन वर्षं होती, तो तसाच पास झाला असता तर माझी केस उभीच राहिली नसती! म्हणून आता म्हणतो, एक करा पण वरच्या पातळीवर करा, जिथे लोकांना जास्त मिळतंय तिथलं कापून नको. छोट्या दुकानदारांचीही दया येते हो, 27 देशांत विकायचं तर 27 कायदे बघायचे.

पाचपैकी चार स्टार. एक कमी कारण सेंटरच्या हातात सक्ती नाही, दुकान अडूनच बसलं तर पुढे 5000 युरोपर्यंतच्या दाव्यांसाठी युरोपियन स्मॉल क्लेम्सची (दुसऱ्या देशातल्या दुकानावरच्या छोट्या रकमेच्या दाव्यांची) वाट आहे पण ती कोर्टाची, फी भरावी लागते. आणि दुकान तुमच्याच देशातलं असेल तर हे केस घेत नाहीत. युरोपियन युनियन, नॉर्वे, आइसलँड चालतं, ब्रिटन ब्रेक्झिटनंतर बाहेर.

जाणार असाल तर आधी दुकानाला स्वतः लेखी तक्रार करा, नाहीतर ते हात लावत नाहीत. बिघाड कळल्यापासून दोन महिन्यांच्या आत कळवलंत तर डच कायद्यात ते वेळेत धरतात, त्यामुळे फोन नको, मेलच करा, तारीख राहते.