आयकर पोर्टल: खरा कस लागतो रिटर्न भरल्यावर

पगारदारांसाठी आयटीआर-१ (साध्या उत्पन्नासाठीचा रिटर्न फॉर्म) भरणं आता खरंच सोपं झालंय. पगार, बँकेचं व्याज, लाभांश, टीडीएस (आधीच कापलेला कर) हे सगळं आधीच भरून येतं. जून २०२१मध्ये हे पोर्टल सुरू झालं तेव्हाचे हाल ज्यांना आठवतात, त्यांना हा फरक लगेच जाणवेल.

फक्त एप्रिल-मेमध्ये घाई करू नका. शेवटच्या तिमाहीचं टीडीएस विवरणपत्र भरायला कंपन्या-बँकांना ३१ मेपर्यंत मुदत असते, म्हणून त्याआधीचे आकडे बरेचदा अपुरे असतात. जूनच्या मध्यानंतर २६एएस (तुमच्या पॅनवर दाखवलेल्या कराचा तक्ता) आणि एआयएस (विभागाकडची तुमच्या उत्पन्न-व्यवहारांची यादी) शेजारी ठेवून ताडून बघा. एआयएसमध्ये नोंद दुबार किंवा चुकीची असेल तर तिथेच फीडबॅक देता येतो. ही सोय मला मनापासून आवडते.

सबमिट केलं म्हणजे काम संपलं, असा अनेकांचा समज असतो. ३० दिवसांत ई-व्हेरिफिकेशन (रिटर्न तुमचाच असल्याची ऑनलाइन खातरजमा) झालं नाही, तर ज्या दिवशी ते कराल तीच भरण्याची तारीख धरली जाते. तोवर रिटर्न भरण्याची मुदत उलटली असेल तर ५,००० रुपयांपर्यंत विलंब शुल्क बसतं. आधारला जुना मोबाइल नंबर जोडलेला असेल तर ओटीपी येणार नाही. मग नेटबँकिंगचा मार्ग धरा.

रिफंड अडकतो तो बहुतेक वेळा बँक खात्यापाशी. पॅनवरचं आणि खात्यावरचं नाव जुळत नाही, किंवा बँकांच्या विलीनीकरणात आयएफएससी बदललेला असतो. खातं पोर्टलवर आधीच व्हॅलिडेट करून (पडताळून) ठेवा. रिफंड परत गेलाच, तर खातं दुरुस्त करून ‘रिफंड री-इश्यू’ची विनंती टाकावी लागते.

रिटर्न तपासून झाला की विभागाची १४३(१)ची सूचना ईमेलने येते. पीडीएफचा पासवर्ड म्हणजे लहान अक्षरांत पॅन आणि त्याला जोडून जन्मतारीख. आत दोन रकाने असतात, एक तुमचा, एक विभागाचा. टीडीएसच्या ओळीत फरक दिसला की लोक लगेच रेक्टिफिकेशन (दुरुस्तीचा अर्ज) टाकतात. पण कापलेला कर मालकाने तुमच्या पॅनवर दाखवलाच नसेल, तर ते पुन्हा तसंच परत येतं. आधी मालकाकडून विवरणपत्र दुरुस्त करून घ्या, २६एएसमध्ये रक्कम दिसू द्या, मगच अर्ज करा. हे त्या सूचनेतच साध्या भाषेत छापलं, तर कितीतरी लोकांची वणवण वाचेल. भरण्याच्या भागाला मी पाचपैकी चार गुण देईन, नंतरच्या भागाला अडीच.