इलेक्ट्रिक ब्रेस्ट पंप, सात महिन्यांनंतर: धास्ती मिलीलिटरची, चूक मिलिमीटरची

पंप कोणता ते आधी. दोन्ही बाजूंनी एकदम दूध काढणारा, आतच बॅटरी असलेला, टाइप-सी केबलनं चार्ज होणारा, मधल्या किमतीचा. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. हाच साचा बाजारात वेगवेगळ्या नावांनी मिळतो आणि जे बिघडतं ते सगळ्यांत सारखंच बिघडतं. वापर सात महिने. कामाच्या दिवशी तीन वेळा, सुटीच्या दिवशी एकदा.

मोटर चांगली आहे. सोबत आलेले सिलिकॉनचे भाग जेमतेम. आणि खोक्यात येणारा फ्लँज, म्हणजे छातीला लावायचं ते नरसाळं, पुष्कळ जणींना मोठा होतो. या शेवटच्या गोष्टीपायी कितीतरी जणी ‘मला दूधच नाही’ असं ठरवून मोकळ्या होतात.

आयांच्या ग्रुपवर रात्री दीड-दोनला हमखास येतो तो बाटलीचा फोटो, खाली ‘फक्त ३० मिली, पुरतं का गं?’ त्यावर दोन प्रकारची उत्तरं येतात. एक, ‘मला १५० येतं, तू नीट खा.’ दुसरं, ‘तुझा फ्लँज किती मिमीचा आहे?’ पहिल्या उत्तरानं त्या बाईची उरलीसुरली झोप उडते. दुसऱ्यानं बहुधा काम होतं.

सोबत २४ मिमीचा फ्लँज येतो, काही पंपांत २७-२८ चासुद्धा. मोजायची ती निपलची रुंदी, बुडाशी, आणि भोवतीचा गडद भाग सोडून. शाळेच्या कंपासपेटीतली पट्टी चालते. पाजण्याआधी मोजा, कारण पाजल्यावर निपल ताणलेलं असतं. दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजा. फरक असतो आणि त्यात काही वावगं नाही. आलेल्या आकड्यात ० ते ४ मिमी मिळवा, तो आपला फ्लँज. १५ मिमी मोजमाप असलेल्या बाईनं २४ चा फ्लँज लावला की गडद भागही नळीत ओढला जातो, सूज येते, दूधवाहिन्या दाबल्या जातात आणि दूध निम्म्यावर अडतं. उलट लहान झाला तर निपल नळीच्या कडेला घासतं आणि पंपानंतर टोक पांढरं पडतं. निपल नळीत मोकळं पुढे-मागे व्हावं आणि दुखू नये. फ्लँज मोठा होत असेल तर नवा घ्यायची गरज नाही. १५, १७, १९, २१ मिमीचे सिलिकॉनचे इन्सर्ट मिळतात, ते त्याच फ्लँजमध्ये बसतात.

दुसरा गुन्हेगार व्हॉल्व्ह. बदकाच्या चोचीसारखा दिसणारा सिलिकॉनचा छोटा तुकडा, टोकाला चीर असलेला. दिवसातून तीन वेळा पंप होत असेल तर दीड-दोन महिन्यांत ती चीर सैल पडते. मोटर तशीच घरघरते, खेच मात्र नाही. हे इतकं हळूहळू होतं की दूधच आटलं असं वाटतं. व्हॉल्व्ह उजेडाकडे धरून बघा: न दाबता चीर उघडी दिसली की तो गेला. धुताना चिरीत ब्रश किंवा टाचणी घालू नका, बोटानं चोळलं तरी पुरे. सात महिन्यांत व्हॉल्व्हच्या चार जोड्या लागल्या. कामावर रुजू होण्याआधी एक जोडी पर्समध्ये आणि एक घरी असावीच. फ्लँजमागचा वाटीसारखा पडदा (दूध मोटरकडच्या हवेच्या नळीत जाऊ न देणारा) नीट दाबून बसला नसेल तरीही खेच कमी होते. आधी तो तपासा, मग व्हॉल्व्ह, मग स्वतःला दोष द्या.

आता बटणं. सुरुवातीला मसाज मोड: भराभर, हलकी खेच, दोनेक मिनिटं. पान्हा फुटला की धार सुरू होते, तेव्हा दुसऱ्या मोडवर जा. त्यात खेच सावकाश आणि लांब असते. नऊ पातळ्या दिल्या आहेत म्हणून नववीवर जाण्यात शहाणपण नाही. दुखलं की पान्हा अडतो. जिथे किंचित ओढ जाणवते पण दुखत नाही तिथे थांबा. बहुतेक जणींची ती पातळी चौथी-पाचवी असते. धार थांबल्यावर पुन्हा दोन मिनिटं मसाज मोड लावला की दुसरा पान्हा येतो. एकूण १५ ते २० मिनिटं पुरतात. बाटलीकडे टक लावून बसू नये, तिच्यावर पायमोजा चढवा. हा उपाय हास्यास्पद वाटतो, पण ताणानं पान्हा अडतो, त्यामुळे उपयोगी पडतो.

पुरतं का, याचं उत्तर पंप देत नाही. बाळ जेवढं काढतं तेवढं मशीनला बहुधा जमत नाही, आणि नुकतंच पाजून झालं असेल तर दोन्ही बाजूंचे मिळून ३०-४० मिली हे उरलेलं दूध असतं. उत्तर लंगोटात आणि वजनकाट्यावर असतं: पहिला आठवडा उलटल्यावर दिवसाला निदान सहा चांगले ओले लंगोट, आणि पहिल्या तीन महिन्यांत रोज साधारण २० ते ३० ग्रॅम वजनवाढ. हे होत नसेल तर ग्रुपवर विचारत बसू नका, बालरोगतज्ज्ञांकडे जा. अडीच-तीन महिन्यांनी छाती भरून येणं, गळणं कमी होतं. दूध आटलं असं नाही, शरीराला मागणीचा अंदाज आलेला असतो.

बाहेर जाताना किती ठेवायचं याचा हिशेब सोपा आहे. एक ते सहा महिन्यांचं, फक्त अंगावर पिणारं बाळ दिवसभरात सरासरी ७५० ते ८०० मिली पितं. म्हणजे आई दूर असलेल्या प्रत्येक तासाला ३० ते ४५ मिली. नऊ तास बाहेर राहायचं तर २७० ते ४०० मिली. वय वाढलं तरी हा आकडा सहा महिन्यांपर्यंत फारसा वाढत नाही. त्यामुळे फ्रीझर गच्च भरलेला लागत नाही, दोन-तीन दिवसांचा साठा बस. इंटरनेटवर दिसणाऱ्या त्या दुधाच्या पिशव्यांच्या भिंती मनातून काढून टाका.

आपल्याकडे खरी अडचण उष्म्याची. पुस्तकात लिहिलेलं असतं, खोलीत चार तास टिकतं. ते २५ अंशांपर्यंत. एप्रिल-मेमध्ये पुण्यातल्या बंद खोलीतही पारा ३० च्या वर असतो, नागपूर-जळगावचं तर बोलायलाच नको. तेव्हा काढलं की लगेच फ्रिजमध्ये किंवा बर्फाच्या पिशवीत. थर्मलच्या पिशवीत दोन पूर्ण गोठलेले आइसपॅक, बाटल्या मध्ये, चेन लावलेली, असं २४ तासांपर्यंत चालतं. डोंबिवली ते सीएसएमटीचा जायचा-यायचा प्रवास आणि मधला अख्खा दिवस त्यात आरामात बसतो. फक्त पिशवी सारखी उघडू नये. फ्रिजमध्ये आतल्या बाजूला चार दिवस. दारातल्या कप्प्यात नको. गोठवायचं तर स्वतंत्र दाराच्या फ्रीझरमध्ये सहा महिने, पण एकदारी फ्रिजच्या वरच्या बर्फाच्या कप्प्यात दोन आठवड्यांच्या वर भरवसा ठेवू नये. पिशवीत ६० ते १०० मिलीच भरा, वर बोटभर जागा सोडा, ताटलीवर आडवी ठेवून गोठवा, तारीख भरण्याआधीच लिहा. ताजं कोमट दूध थंड दुधात ओतायचं नाही. आधी थंड करायचं, मग मिसळायचं.

वीज जाणाऱ्या गावांसाठी एक युक्ती. फ्रीझरमध्ये वाटीभर पाणी गोठवा आणि त्यावर एक नाणं ठेवा. चार दिवसांनी परत आल्यावर नाणं वरच असेल तर दूध गोठलेलंच राहिलंय. बुडाला गेलं असेल तर मध्ये सगळं वितळून पुन्हा गोठलंय, ते टाकायचं. जीव तुटतो, पण टाकायचं.

गोठवलेलं दूध रात्री फ्रिजमध्ये काढून ठेवा आणि पूर्ण वितळल्यापासून २४ तासांत संपवा. घाई असेल तर कोमट पाण्याच्या भांड्यात पिशवी ठेवा. मायक्रोवेव्ह नको, गॅसवर उकळणं नको. वर साय धरते, ती हलकेच फिरवून मिसळायची. बाळाचं उष्टं दूध दोन तासांत संपवा, नाहीतर टाका. पुन्हा गोठवायचं नाही. काही जणींच्या दुधाला साठवल्यावर साबणासारखा वास येतो. ते नासलेलं नसतं, दुधातलंच लायपेज नावाचं विकर स्निग्धांश मोडत असतं. बाळ पीत असेल तर पिऊ द्या. तोंड फिरवत असेल तर पुढचं दूध काढल्याबरोबर कडेला बुडबुडे येईपर्यंत तापवून, झटकन थंड करून मग गोठवा. आधी गोठवलेल्यावर इलाज नाही. म्हणून साठा करण्याआधी एक पिशवी आठवडाभर ठेवून वास घेऊन बघावा.

पाजणाऱ्या आजीला बाटली आवडत नसेल तर वाटी-चमचा उत्तम. बोंडलंही चालेल, पण त्याच्या चोचीत दूध सुकतं. गरम पाण्यानं लगेच धुतलं नाही तर ते घासणं महाकठीण. बाळाला उभट धरायचं, चमचा खालच्या ओठावर टेकवायचा, ते जिभेनं ओढून घेईपर्यंत थांबायचं. ओतायचं नाही.

साफसफाई हा या पंपाचा सगळ्यात कंटाळवाणा भाग. दुधाला लागणारे एका बाजूचे पाच भाग, म्हणजे दहा. ते सिंकमध्ये टाकू नका, त्यांच्यासाठी वेगळं पातेलं ठेवा. आधी गार पाण्यानं खळबळून, मग कोमट साबणाच्या पाण्यात, मग स्वच्छ फडक्यावर हवेत वाळवून; पुसून नव्हे. बाळ दोन महिन्यांच्या आतलं किंवा अपुऱ्या दिवसांचं असेल तर दिवसातून एकदा पाच मिनिटं उकळा. तळाला चाळणी ठेवा, नाहीतर प्लॅस्टिक पातेल्याला टेकून वाकडं होतं. बोअरच्या पाण्यात उकळल्यावर पांढरा थर बसतो. फिल्टरचं पाणी वापरा. हवेची नळी धुवायची नाही. तिच्यात दमट थेंब दिसले तर पंपाची नुसती नळी जोडून पाच मिनिटं चालवा. काळे ठिपके दिसले की नळी टाकून द्या. ऑफिसात धुण्याची सोय नसेल तर भागांचा दुसरा संच घ्या.

बॅटरी सुरुवातीला एका चार्जमध्ये पाच वेळा पुरायची, आता तीन वेळा. निम्म्याखाली गेली की खेचही मंदावते, म्हणून रोज रात्री चार्ज. एक हातपंप घरात असावाच. आवाज मात्र गुणगुणण्याइतकाच. स्टोअररूममध्ये बसलं तरी बाहेर जात नाही. एचआरशी बोलताना दोन गोष्टी हाताशी ठेवा: बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत रोज दोन जादा विश्रांतींची तरतूद १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यापासून आहे, आणि ५० किंवा जास्त कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांना पाळणाघराची अट २०१७ च्या दुरुस्तीनं आली.

ग्रुपवर अजूनही फिरणारा एक सल्ला थांबवायला हवा. छातीत गाठ आली की गरम शेक द्या, जोरात चोळा, पंपानं पूर्ण रिकामं करा, असं सांगतात. चोळल्यानं सूज वाढते, जास्त काढल्यानं दूध जास्त बनतं. २०२२ पासूनची वैद्यकीय मार्गदर्शक सूचना उलट आहे: गार शेक, हलका हात, नेहमीइतकंच पाजणं. ताप, थंडी, लाल चट्टा असेल तर डॉक्टर, त्याच दिवशी. अळिवाचे लाडू, शतावरी, बाळंतशोपा खुशाल खा. चवीला छान, पोटाला आधार. पण सैल व्हॉल्व्हवर अळीव चालत नाही.

मैत्रिणीचा जुना पंप घ्यावा का? दूध मोटरपर्यंत जाऊच शकत नाही अशी, पडद्याची रचना असेल तर काही जणी नुसती मोटर घेतात. कंपन्या मात्र बहुधा ‘एकाच व्यक्तीसाठी’ असंच लिहितात. नळीत किंवा मोटरच्या तोंडाशी दुधाचा डाग दिसला तर फुकट मिळाला तरी नको. बाकी दुधाला लागणारं सगळं नवं. आणि ‘माझ्याकडे जास्तीचं दूध आहे, कोणाला हवंय का’ या प्रेमळ मेसेजला नम्रपणे नाही म्हणा. दूधपेढीत दात्या आईच्या रक्ताची तपासणी होते, दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटं तापवलं जातं. ग्रुपवर यातलं काही होत नाही. आशियातली पहिली दूधपेढी १९८९ मध्ये मुंबईत सायनच्या रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. जास्तीचं दूध असेल तर जवळच्या दूधपेढीला फोन करा. तिथल्या कमी वजनाच्या बाळांना ते लागतं.

पंप बंद करताना एकदम थांबू नका, गाठी येतात. आधी दुपारची वेळ सोडा, चार-पाच दिवसांनी पुढची. राहिलेल्या वेळेत दोन-दोन मिनिटं कमी करत जा. इन्सर्टचे चार आकार घेतले तर लागतो एखादाच. बाकीचे न वापरलेले, पाकीट न फोडलेले, ग्रुपवर मिमीसकट टाका. रात्री दीडला फोटो टाकणाऱ्या कुणाला तरी तोच आकार हवा असतो.