रापी धरलेला अंगठा : एका छायाचित्र-सेवेचा अनुभव
वडिलांच्या पंचाहत्तरीनिमित्त आम्ही राजारामपुरीतील एका छायाचित्रकाराकडून त्यांची व्यक्तिचित्रे काढून घेतली. वडील कोल्हापुरी चपला घडवतात. या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण ती घडवणारे हात सहसा कोणी टिपत नाही. पहिल्या दिवशी छायाचित्रकाराने कॅमेरा पिशवीतून बाहेरच काढला नाही, नुसता चहा घेत तो वडिलांचे बोलणे ऐकत बसला. पुढे फ्लॅश न वापरता, खिडकीच्या उजेडात टिपलेल्या एका चित्रात रापी, म्हणजे चामडे कापायचे हत्यार, धरलेल्या अंगठ्यावरची भेग इतकी स्पष्ट उतरली आहे की आई बराच वेळ तिच्याकडेच पाहत राहिली. छपाई मात्र दीड महिना रखडली. शिवाय चित्रांखालच्या मजकुरात वडिलांची कोल्हापुरी बोली ‘सुधारून’ प्रमाणभाषेत घातली होती, ती आम्ही पूर्ववत करून घेतली.