पहिली बिअर: एक्स्ट्रॅक्टची की धान्याची?

घरी बिअर करायचं ठरलं की साखर कुठून आणायची हे आधी ठरवावं लागतं. तयार माल्ट एक्स्ट्रॅक्ट (माल्टचा आटवलेला अर्क, पाक किंवा भुकटी) पाण्यात विरघळवायचा, की भरडलेलं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) जाळीच्या पिशवीत घालून गरम पाण्यात मुरवायचं? मी दोन्ही करून पाहिलं आणि आता पिशवीवर स्थिरावलो आहे. तरी अगदी पहिल्या खेपेला एक्स्ट्रॅक्टच बरा, असं म्हणणाऱ्यांशी माझं फारसं भांडण नाही.

सुरुवातीला खरं शिकायचं असतं ते भांडी निर्जंतुक ठेवणं आणि यीस्ट सांभाळणं. बहुतेक एल यीस्टना (एल प्रकारची बिअर आंबवणाऱ्या यीस्टना) १८ ते २० अंश मानवतात. त्याहून बरंच तापलं की फळांचा उग्र वास आणि घशाला चटका येतो, मग माल्ट कुठलंही असो. एक्स्ट्रॅक्टमुळे निम्मं काम कमी होतं आणि लक्ष इथे देता येतं. पातेलंही लहान चालतं, कारण घट्ट वर्ट (आंबवण्याआधीचं माल्टचं गोड पाणी) उकळून वरून थंड पाणी घालता येतं. एक्स्ट्रॅक्टच्या भुकटीला वाफ लागली की ती चमच्याला आणि पुड्याच्या तोंडाला टॉफीसारखी चिकटते. गॅस बंद न करता ओतली तर बुडाला बसून करपते. पण याची सवय होते.

मला सवय झाली नाही ती १.०२० या आकड्याची. बुडबुडे थांबतात, हायड्रोमीटर (द्रव पाण्याच्या तुलनेत किती जड हे दाखवणारं उपकरण; साखर संपत जाते तसा आकडा उतरतो) १.०२० दाखवतो, आठवड्याने पुन्हा पाहावं तर आकडा तिथेच. यीस्ट ताजं होतं, तापमान जपलं होतं. फर्मेंटर (आंबवायचं भांडं) हलक्या हाताने फिरवला, थोडा उबेला ठेवला, तरी ढिम्म. चव वाईट नव्हती, पण घोट गिळल्यावर जिभेवर एक गोडसर जडपणा उरायचा. गडद स्टाउटमध्ये तो खपून जातो. मला हवी होती फिकट, कोरडी (गोडवा न उरलेली), १.०१० च्या आसपास उतरलेली बिअर, आणि ती काही केल्या होईना. यीस्टला पचणारी साखर किती आणि न पचणारी किती, हे एक्स्ट्रॅक्ट बनतो तेव्हाच ठरून गेलेलं असतं. आपल्या हाती डबा येतो तेव्हा त्यात काही बदलता येत नाही. थोडी साधी साखर मिसळून आकडा खाली आणता येतो, पण मला ती मलमपट्टीच वाटली. सगळेच एक्स्ट्रॅक्ट असे नसतील. ताज्या एक्स्ट्रॅक्टची छान कोरडी बिअर मी प्यायलो आहे.

पिशवीत हा निर्णय आपला असतो. ६४-६५ अंशांवर तासभर मुरवलं की यीस्टला खाता येणारी साखर जास्त सुटते आणि बिअर कोरडी होते. ६८-६९ वर मुरवलं की न पचणारा भाग वाढतो, बिअर भरीव लागते. चार अंशांत एवढा फरक पडतो हे पहिल्यांदा जिभेला कळलं तेव्हा मी एक्स्ट्रॅक्टकडे परत जाणार नाही हे जवळपास ठरलं.

कष्ट मात्र आहेत. १० लिटर बिअरला सव्वादोन ते अडीच किलो माल्ट आणि १५ लिटरच्या आसपास पाणी लागतं, म्हणजे पातेलं २० लिटरचं हवं. निथळणारी गरम पिशवी उचलून धरायला दुसरं माणूस असेल तर उत्तम. उकळी फुटताना फेस उतू जायला बघतो, तेव्हा पातेल्यापाशी उभंच राहावं लागतं. सगळं मिळून चार-पाच तास जातात. चोथा त्याच दिवशी बाहेर काढावा, दुसऱ्या दिवशी आंबूस वास मारतो. भरड नीट असावी: टरफल शाबूत, आतला दाणा फुटलेला. अख्खे दाणे राहिले तर वर्ट पातळच राहतो.

तेव्हा लहान पातेलं आणि एखादीच मोकळी संध्याकाळ असेल, किंवा गडद बिअरच आवडत असेल, तर एक्स्ट्रॅक्ट घ्यायला माझी हरकत नाही. फिकट बिअर डोळ्यासमोर असेल आणि सुट्टीचा अर्धा दिवस देता येत असेल, तर मी पहिल्यापासूनच पिशवी सुचवेन. फर्मेंटर, सायफन, बाटल्या दोन्हीकडे त्याच लागतात. जास्तीचं म्हणजे मोठं पातेलं, बारीक जाळीची पिशवी आणि भरवशाचा थर्मामीटर. बर्फाच्या पाण्यात तो शून्य दाखवतो का, एवढं आधी पाहून घ्या.