खुनी शेवटी उघड करावा की पहिल्याच पानावर?

रहस्यकथेचा रूढ साचा म्हणजे खुनी शेवटच्या प्रकरणात. त्याचं गणित सोपं वाटतं, पण फसतं ते पेरणीत. इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्सने 1929 साली मांडलेल्या दहा नियमांतला पहिलाच सांगतो की गुन्हेगार कथेच्या सुरुवातीच्या भागात दिसलेला असावा. अनेक लेखक त्याला आणतात खरे, पण फक्त चहा द्यायला. मग उलगडा झाला की वाचक म्हणतो, ‘हा कोण?’ संशयित चार-पाच पुरेत. नऊ झाले की नावं लक्षात ठेवण्यातच दम जातो. महत्त्वाचा धागा परिच्छेदाच्या मध्यावर, दोन बिनमहत्त्वाच्या वस्तूंच्या आड ठेवावा. परिच्छेदाच्या शेवटी ठेवलात तर तो ओरडून सांगतो.

उलटा साचा इंग्रज रहस्यकथाकार ऑस्टिन फ्रीमनने 1912 च्या कथासंग्रहात वापरला: आधी खून डोळ्यांदेखत, मग तपास. इथे प्रश्न ‘कोणी?’ हा नसून ‘सापडणार कसा?’ हा असतो. त्यामुळे खुन्याची एक बारीकशी चूक वाचकासमोर घडायला हवी आणि तरी नजरेतून सुटायला हवी. तपास करणारा योगायोगाने जिंकला तर सगळंच मुसळ केरात.

आमचा कौल दुसऱ्याला. पहिला साचा दुसऱ्या वाचनात बहुधा विझतो, याची धग टिकते. मात्र पाच-सहा पानांच्या दिवाळी अंकातल्या कथेला पहिलाच बरा; तिथे खुन्याचं मन उलगडायला जागाच नसते.