भुतांना आवाज कुणाचा, इतिहासाला कुणाचा: ऑडिओबुक घेण्याआधी थोडी तुलना

क्लासिक हॉरर ऐकू की इतिहास, फुकटचं ऐकू की पैसे भरून, एका माणसाने वाचलेलं घेऊ की पाच-सहा जणांनी मिळून वाचलेलं, हे सगळं लोक एका दमात विचारतात आणि उत्तर एका ओळीत हवं असतं. तसं देता येत नाही, कारण या दोन प्रकारांना वाचणाऱ्याकडून जे लागतं ते जवळपास उलटसुलट आहे. हॉरर वाचणाऱ्याने पुढच्या पानावर काय आहे ते आपल्याला माहीतच नाही असं वाचायचं असतं. इतिहास वाचणाऱ्याला मात्र वाक्य उचलतानाच ते कुठे जाऊन टेकणार हे ठाऊक पाहिजे, नाहीतर दीड मिनिटात ऐकणारा खिडकीबाहेर बघायला लागतो.

उदाहरणाला दोन जाडजूड पुस्तकं घेतो. ब्रॅम स्टोकरचं ‘ड्रॅक्युला’, १८९७ चं, आणि एडवर्ड गिबनचा रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा इतिहास, जो १७७६ ते १७८८ मध्ये सहा खंडांत आला. दोन्ही केव्हाच कॉपीराइटबाहेर गेलीत, म्हणजे कोणीही माईक लावून वाचू शकतं आणि लोकांनी वाचलंयही भरपूर, त्यामुळे तोच मजकूर वेगवेगळ्या आवाजांत मिळतो आणि तुलना खऱ्या अर्थाने आवाजाची होते.

आधी फुकटवाल्यांकडे बघू. लिब्रिव्हॉक्स ही फुकट ऑडिओबुकांची साइट २००५ मध्ये कॅनडातल्या माँट्रियलमधून ह्यू मॅग्वायर यांनी सुरू केली, सगळे वाचक हौशी स्वयंसेवक, ऑडिशन नाही, फाइल्स इंटरनेट आर्काइव्हवर पडतात आणि कोणीही उतरवून घ्यायच्या. प्रत्येक फाइल कोणीतरी ऐकून तपासतं, पण तपासतं काय तर ओळ राहिली का, तेच वाक्य दोनदा आलं का, खरखर आहे का. वाचन चांगलं झालंय का हे तिथे कोणी ठरवतच नाही, तसं त्यांचं धोरणच आहे, आणि ते मला पटतंही, फक्त ऐकणाऱ्याने हे माहीत असून जावं. तिथे एकच पुस्तक तीन तऱ्हांनी असू शकतं: एकाने पूर्ण वाचलेलं, अनेकांनी प्रकरणं वाटून घेऊन वाचलेलं, आणि पात्रं वाटून घेऊन नाटकासारखं केलेलं. पानावर ते लिहिलेलं असतं, ते न बघता पहिलं दिसेल ते उतरवलं की मग ‘फुकटचं असंच असतं’ अशी कुरकुर सुरू होते.

इतिहासासाठी प्रकरणं वाटून घेतलेलं वाचन मी तरी सुचवणार नाही. गिबनची ७१ प्रकरणं आहेत, दर थोड्या वेळाने आवाज बदलणार, उच्चार बदलणार, माईक बदलणार, आणि आत्ताच कानाला सवय झालेला बेलिसेरियस पुढच्या वाचकाच्या तोंडी इतका वेगळा येतो की हा नवीन सेनापती कोण असं वाटतं. त्यात गिबनची वाक्यं लांब, आणि खरी गंमत शेवटच्या चार शब्दांत. सातव्या प्रकरणात धाकटा गॉर्डियन या रोमन सम्राटाबद्दल तो सांगतो की याच्या २२ रखेल्या होत्या आणि ग्रंथालयात ६२,००० पुस्तकं होती, आणि मग अगदी गंभीर चेहऱ्याने पुढे म्हणतो की दोन्ही गोष्टी वापरासाठीच होत्या, दिखाव्यासाठी नव्हेत. हे वाक्य ज्याला कळलंय तो एक बारीकसा थांबा घेतो, हसत नाही, आवाज चढवत नाही, आणि तुम्ही रिक्षात एकटे हसता. ज्याला कळलं नाही तो जनगणनेचे आकडे वाचल्यासारखं वाचून पुढे जातो. वर याच वाक्याला एक तळटीप आहे, प्रत्येकीपासून तीन-चार मुलं झाली आणि साहित्यकृती संख्येने कमी असल्या तरी अगदीच टाकाऊ नव्हत्या असं काहीतरी, म्हणजे अर्धा विनोद पानाच्या तळाशी आहे. ऑडिओमध्ये त्या टीपेचं काय केलंय हा गिबन घेताना विचारायचा पहिला प्रश्न. टीपा पूर्ण गाळल्या तर चव जाते, सगळ्या वाचल्या तर धागा तुटतो, निवडक घेतल्या तर बरं.

पैसे भरायचे असतील तर ते इथे भरा, म्हणजे लांबलचक इतिहासावर. नॅक्सॉस या ऑडिओबुक कंपनीने डेव्हिड टिमसन यांच्या एकट्याच्या आवाजात सहाही खंड काढलेत, सगळं मिळून शंभर तासांच्या पुढे जातं. एवढा वेळ एकच माणूस कानात बसणार असेल तर त्याचा आवाज भारी असण्यापेक्षा तो न थकवणारा असणं महत्त्वाचं. आणि इथे आपल्या मराठी कानाची एक खोड आडवी येते. आपल्याला इतिहास ऐकायची सवय पोवाड्यांनी आणि बाबासाहेब पुरंदऱ्यांच्या व्याख्यानांनी लावली, तिथे आवाज चढतो, थांबतो, पुन्हा चढतो, आणि दीड तास अंगावर काटा राहतो. त्याच अपेक्षेने गिबन लावला की हा बाबा इतका थंड का वाचतोय असं होतं. पण तो चढा आवाज शंभर तास कोणी वाचू शकत नाही आणि ऐकू तर त्याहून नाही. पहिल्या अर्ध्या तासात फार प्रभावी वाटणारा इतिहासाचा वाचक मला उलट संशयास्पद वाटतो.

आता ड्रॅक्युला. याचं दुकान पूर्ण वेगळं आहे, कारण हे पुस्तक सलग कथनच नाही. जोनाथन हार्करची डायरी, मीनाची डायरी, ल्यूसीची पत्रं, बोटीच्या कॅप्टनची नोंदवही, वर्तमानपत्राची कात्रणं, आणि डॉ. सेवर्डची डायरी, जी तो लिहीतच नाही, फोनोग्राफवर बोलून ठेवतो! १८९७ मध्ये. पुढे मीना फोनोग्राफची ती आवाज भरलेली सिलिंडर्स ऐकते आणि सेवर्डला सांगते की हे यंत्र छान आहे पण क्रूरपणे खरं आहे, तुमच्या काळजातलं दुःख त्या आवाजातच मला ऐकू आलं, आणि म्हणून ती ते सगळं टाइप करून काढते, की पुन्हा कोणाला तो आवाज ऐकावा लागू नये. म्हणजे कागदावर काय उतरतं आणि आवाजात काय राहतं हा आपला प्रश्न स्टोकरने आतच घालून ठेवलाय.

त्यामुळे ड्रॅक्युलाला अनेक आवाज शोभतात, ती सजावट वाटत नाही. पैसे भरून ऐकायच्या ऑडिबल या ॲपची आवृत्ती आहे त्यात सायमन व्हान्स हार्करची डायरी वाचतो, ॲलन कमिंग सेवर्डची, कॅथरीन केलग्रेन मीनाची, टिम करी व्हॅन हेल्सिंग, म्हणजे ड्रॅक्युलाचा माग काढणारा डच डॉक्टर, साधारण साडेपंधरा तास. ही श्रुतिका नव्हे हे लक्षात घ्या, दार करकरणं, लांडगे, वारा यावर भर नाही, ज्याची डायरी त्याने वाचायची असा साधा हिशोब. एकट्याने वाचलेल्या बऱ्याच आवृत्त्यांची पंचाईत व्हॅन हेल्सिंगपाशी होते, त्याचं मोडकंतोडकं इंग्रजी वाचता वाचता वाचकाला नक्कल करायचा मोह होतो, आणि ज्या माणसाच्या शब्दावर सगळ्यांनी कबर उघडायची तो विनोदी पाहुणा होऊन बसतो. फुकटात ऐकायचं असेल तर लिब्रिव्हॉक्सवरही ड्रॅक्युला एकापेक्षा जास्त रूपात आहे, आणि प्रकरणं वाटून वाचलेलं असलं तरी इथे तितकं बिघडत नाही कारण पुस्तकातच बोलणारे बदलत राहतात. त्रास एकच, प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला हे लिब्रिव्हॉक्सचं रेकॉर्डिंग आहे ही सूचना येते, एकूण प्रकरणं २७, म्हणजे काउंट ड्रॅक्युला दारात उभा आहे आणि मधेच आकाशवाणीसारखी घोषणा.

खरोखरची श्रुतिकाच हवी असेल तर ११ जुलै १९३८ ला ऑर्सन वेल्सच्या मर्क्युरी थिएटरने रेडिओवर केलेला ड्रॅक्युला ऐका, तासाभराचा आहे, इंटरनेट आर्काइव्हवर मिळतो, वेल्स स्वतः काउंटही आहे आणि सेवर्डही. तासाभरात बसवताना कादंबरीचा बराच भाग गेलाय हे उघड आहे, पण साडेपंधरा तास द्यायचे की नाही हे ठरवायला याच्याइतका स्वस्त मार्ग नाही.

पण सगळ्याच हॉररला अनेक आवाज लावायला जाऊ नका. फ्रँकेन्स्टाइनमध्ये एकात एक तीन कथनं आहेत, वॉल्टनची पत्रं, त्यात व्हिक्टरची हकिगत, त्यात त्याने घडवलेल्या प्राण्याची, आणि ती तिन्ही शेवटी वॉल्टनच्याच हातून बहिणीला जातायत, त्यामुळे एकच आवाज थोडा थोडा बदलत गेला तर जास्त खरं वाटतं. डॅन स्टीव्हन्सने वाचलेली आवृत्ती त्यासाठी चांगली. इथे परीक्षेची जागा म्हणजे तो प्राणी. तो मिल्टन वाचलेला आहे, त्याची भाषा व्हिक्टरपेक्षा सरस आहे, तेव्हा जो वाचक त्याला घशातून गुरगुरायला लावतो त्याने पुस्तक न वाचता सिनेमा बघितलाय असं समजा. शिवाय १८१८ चा मूळ पाठ आणि १८३१ चा बदललेला असे दोन पाठ चालतात, घेताना कुठला आहे ते बघा.

हेन्री जेम्सचं ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ तर दोन्ही प्रकारांच्या मधोमध येतं. हॉरर आहे, पण वाक्यं इतिहासाच्या पुस्तकाहून लांब. मनगट दुखायला लागल्यावर जेम्स १८९७ पासून टायपिस्टला तोंडी सांगून लिहायला लागला आणि हीसुद्धा तशीच सांगून लिहिलेली, त्यामुळे कागदावर डोकं खाणारं वाक्य ऐकताना सरळ लागतं. अडचण अशी की भुतं खरी की गोष्ट सांगणाऱ्या गव्हर्नेसच्या, म्हणजे घरी मुलांना शिकवणाऱ्या बाईच्या मनातली हे पुस्तक सांगत नाही, आणि वाचणारीने आवाजात वेडसरपणाची एक छटा जरी लवकर दाखवली तरी निकाल लागून जातो. एमा थॉम्प्सनने वाचलेली आवृत्ती मला यासाठीच आवडते, ती त्या बाईवर शेवटपर्यंत विश्वास ठेवून वाचते.

छोट्या कथांना मात्र पैसे घालवायची गरज नाही. एडगर ॲलन पोची ‘टेल-टेल हार्ट’ पंधरा-वीस मिनिटांची, जेकब्जची ‘मंकीज पॉ’ अर्ध्या तासाची, जिच्यातला तो पंजा हिंदुस्थानातल्या फकिराकडून आलेला. फुकटात पाच वाचक ऐकून बघा, एखादा नक्की जमतो. एम. आर. जेम्सच्या कथाही यातच. हा माणूस पेशाने मध्ययुगीन हस्तलिखितांचा अभ्यासक, केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजचा प्रोव्होस्ट म्हणजे प्रमुख, आणि भुताच्या गोष्टी नाताळात मित्रांना खोलीत वाचून दाखवायचा, म्हणजे या कथा लिहिल्याच मुळी मोठ्याने वाचायला. त्यांना अभिनय चालत नाही, जुन्या चर्चच्या दप्तराबद्दल बोलणाऱ्या कोरड्या प्राध्यापकाचा आवाज हवा. थोडक्यात, इतिहास चांगला वाचणारा माणूस इथे हॉररसाठीही चालतो, बाकी कुठे सहसा नाही.

मशीनच्या आवाजाबद्दल आजकाल हमखास विचारतात. २०२३ मध्ये प्रोजेक्ट गुटेनबर्ग या फुकट ई-पुस्तकांच्या ग्रंथालयाने मायक्रोसॉफ्टच्या मदतीने जवळपास ५,००० पुस्तकं कृत्रिम आवाजात फुकट टाकली, उच्चार स्वच्छ आहेत, खरखर शून्य. एखादं प्रकरण परीक्षेसाठी चाळायचंय, संदर्भ शोधायचाय, तर जरूर वापरा. गिबनचा टोमणा त्याला दिसत नाही आणि भीतीही वाटत नाही, कारण पुढे काय आहे हे माहीत नसल्याचा आव त्याला आणता येत नाही, सगळी वाक्यं त्याच्यासाठी सारखीच.

एक गोष्ट रिव्ह्यूंमध्ये फारशी येत नाही, ती म्हणजे तुम्ही ऐकणार कुठे. नट मंडळी हॉरर वाचताना कुजबुजतात, आणि लोकलमध्ये किंवा बाइकवरच्या हेल्मेटमध्ये कुजबुज ऐकू येत नाही, मग तुम्ही आवाज वाढवता आणि पुढच्याच ओळीला कोणीतरी किंचाळतं. प्रवासात ऐकणार असाल तर इतिहास घ्या, तिथे आवाजाची पातळी सरळ असते आणि सव्वापट वेगाने लावलं तरी काही बिघडत नाही. हॉररचा वेग वाढवू नका, थांबे कापले की उरतं काय.

आणि सँपलवर भरवसा जरा कमीच ठेवा, बहुतेक ॲपवर तो सुरुवातीच्या पाच मिनिटांचा असतो. गिबनची पहिली तीन प्रकरणं म्हणजे साम्राज्याची पाहणी, सैन्य किती, प्रांत कोणते, गोष्ट खरी सुरू होते चौथ्यात, सम्राट कोमोडसपासून. ड्रॅक्युलाच्या सुरुवातीला हार्कर ट्रेनच्या वेळा आणि पेपरिका घातलेल्या कोंबडीबद्दल लिहितोय, त्यावरून वाचकाचं काहीच कळत नाही. लिब्रिव्हॉक्सवर हवं ते प्रकरण सुटं मिळतं, तेव्हा ड्रॅक्युलाचं तिसरं, जिथे काउंट भिंतीवरून डोकं खाली करून उतरतो, आणि गिबनचं सातवं, तेवढी दोन आधी फुकटात ऐका, मजकूर झेपतोय का बघा, मग कार्ड बाहेर काढा.