‘बाटली वता, आजच मासं सोडा’: आमच्या घरात २६ मासे मेले त्याची हकिकत

आमचे आप्पा चाळीस वर्षं कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर दिवाणजी होते. गेल्या पावसाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात गेला. फिजिओथेरपीच्या बाईंनी डाव्या हातानं रोज काहीतरी लिहायला सांगितलं होतं. दिवसभर भिंतीकडं बघून माणूस खचतो, म्हणून दिवाळी झाल्यावर त्यांच्या कॉटसमोर माशांची टाकी ठेवायचं आम्ही ठरवलं. नवीन टाकी घेणाऱ्या प्रत्येकानं हे वाचावं, कारण ज्या पद्धतीनं आम्हाला फसवलं ती अगदी साधी आहे आणि नवख्या माणसाला ती फसवणूक वाटतच नाही.

दुकान शहरातल्याच एका पेठेतलं. नाव लिहीत नाही, त्याचं कारण पुढं येईल. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी टाकी, स्टँड, लाईट आणि एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर मिळून ४२०० रुपये. मी घेताना विचारलं होतं, की पाणी भरल्यावर काही दिवस थांबावं लागतं का? तसं कुठंतरी ऐकलं होतं. त्यावर दुकानदार हसत म्हणाला, “दादा, ते पूर्वी हुतं. आता ही बाटली आलीया. बॅक्टेरिया तयार. बाटली वता, आजच मासं सोडा.” ३८० रुपयांची छोटी बाटली. त्यासोबत त्यानं बारा मासे दिले: चार गोल्डफिश, चार मॉली, दोन एंजल आणि दोन ‘शार्क’ म्हणून विकतात ते छोटे मासे. ८४० रुपये. रोख दिले, कारण ऑनलाइन दिले तर दोनशे जास्त पडतील म्हणाला. पावती म्हणून एका चिठ्ठीवर बेरीज करून दिली, तिच्यावर दुकानाचं नावसुद्धा नव्हतं.

त्या रात्री आप्पा उशिरापर्यंत जागे होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी जुन्या सवयीनं वही मागून घेतली आणि डाव्या हातानं, वेड्यावाकड्या अक्षरात, जमा-खर्च मांडला. डाव्या बाजूला मासे, उजव्या बाजूला रुपये. मी तेव्हा कौतुकानं फोटो काढला. पुढं तीच वही आमच्या उपयोगी पडली.

तिसऱ्या दिवशी पाणी दुधासारखं गढूळ झालं. चौथ्या दिवशी पहाटे आप्पांनी हाक मारली, “आरं, ह्यो मासा वर येऊन तोंड का मारतोय बघ.” एक गोल्डफिश पाण्याच्या अगदी वरच्या थराला तोंड लावून उघडझाप करत होता. त्याचे कल्ले लालभडक झाले होते आणि शेपटीच्या कडेला बारीक लाल रेषा उमटल्या होत्या. दुपारपर्यंत तो गेला. अकराव्या दिवसापर्यंत बारापैकी एकही राहिला नाही. रोज सकाळी आप्पा उठायच्या आत मेलेले मासे काढून टाकायची घाई मी करायचो, पण त्यांना मोजदाद पाठ असायची.

दुकानात पाणी घेऊन गेलो. त्यानं एक कागदी पट्टी बुडवली, तिच्यावरचे रंग डब्यावरच्या रंगांशी जुळवले आणि म्हणाला, “पाणी ओके हाय. टाकीत इन्फेक्शन झालंय.” तपासणीचे ५० रुपये. मग निळं औषध, पिवळं औषध, आणि त्याचा पोरगा घरी येऊन टाकी पूर्ण रिकामी करून गेला. खडी पोटॅशियम परमँगनेटमध्ये धुतली, स्पंज नळाखाली धरून स्वच्छ पिळला. मजुरी ३००. नवीन पाणी, नवीन बाटली, नवीन दहा मासे. ते दहाही गेले. परत पट्टी, परत ‘पाणी ओके’, परत सगळं धुणं, परत बाटली आणि आठ मासे. दुसऱ्या खेपेला तर तो मला म्हणाला, “तुमच्या भागातल्या पाण्यातच दोष हाय.” आणि मी ते खरं मानलं. पंचगंगेत मेलेल्या माशांचा खच पडल्याचे फोटो आपण पेपरात बघतोच, त्यामुळं पाण्यावर ठपका ठेवला की कोल्हापूरच्या माणसाला तो लगेच पटतो.

तिसऱ्या खेपेच्या वेळी दोन गोष्टी घडल्या. पहिली आप्पांनी केली. त्यांनी वहीत प्रत्येक खेपेच्या पहिल्या मरणाखाली लाल रेघ मारली होती. ती दाखवून म्हणाले, “तिन्ही डाव चौथ्या-पाचव्या दिवशीच सुरुवात झालीया. रोग असा तारीख बघून येतोय व्हय? ज्यानं टाकी धुतली त्याला इचार.”

दुसरी गोष्ट बाटलीची. तिसरी बाटली मी ओल्या हातानं धरली आणि लेबलचा कोपरा सुटला. खाली निळ्या रंगात दुसरं छापील लेबल दिसलं. सगळं लेबल कोमट पाण्यात भिजवून काढलं. खाली होतं ॲंटीक्लोरीन, म्हणजे नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवायचं औषध. तेच, जे कुठल्याही दुकानात साधारण साठ रुपयांना मिळतं. पहिल्या दोन रिकाम्या बाटल्या आप्पांनी हिशेबासाठी जपून ठेवल्या होत्या. एकीखाली तेच निघालं, दुसरीखाली काहीच नव्हतं. तिन्हींवर ना तयार केल्याचा महिना, ना बनवणाऱ्याचा पत्ता. त्या क्षणी माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पैशांपेक्षा जास्त राग याचा, की आप्पांच्या डोळ्यांसमोर पंचवीसभर जीव तडफडून मेले आणि तो माणूस दर वेळी हसून पुढची पिशवी बांधत होता.

आमच्या गल्लीत एक मुलगा शिवाजी विद्यापीठात प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करतो. त्याच्याकडं थेंबांचं टेस्ट किट होतं. काचेच्या नळीत पाणी घेऊन त्यानं थेंब टाकले. अमोनिया, म्हणजे माशांच्या घाणीतून पाण्यात साचणारं विष, नसेल तर रंग पिवळा राहतो. आमचं पाणी पाच मिनिटांत गर्द हिरवं झालं. तो म्हणाला, “काका, हे ४ पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत चार भागांच्या आसपास आहे. दुकानदाराच्या पट्टीवर अमोनियाचा रंग असतो का?” मी डब्याचा फोटो काढून आणला. त्या पट्टीवर पीएच (पाणी आम्ल की अल्क ते सांगणारा आकडा), क्षारता, नायट्राइट, नायट्रेट असे चौकोन होते, अमोनियाचा चौकोनच नव्हता. आणि अमोनियापासून पुढं बनणारं नायट्राइट चौथ्या दिवशी तयारच झालेलं नसतं, त्यामुळं पट्टी ‘ओके’च दाखवणार. शंभर रुपये देऊन मी दोन वेळा ‘पाणी ओके’ ऐकलं ते असं.

त्या मुलानं जे समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगतो. मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर टाकतो, उरलेलं खाणं आणि शी कुजूनही तोच तयार होतो. हा अमोनिया कल्ले भाजून काढतो. जुन्या टाकीत स्पंजाला, खडीला, काचेला चिकटलेले जिवाणू असतात. एका प्रकारचे अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही घातक आहे, ते रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद मारतं. नायट्रेट त्या मानानं सौम्य, ते पाणी अधूनमधून बदलून कमी करता येतं. हे जिवाणू फार हळू वाढतात. नव्या टाकीत त्यांची पुरेशी वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे लागतात, थंडीत जास्तच. आणि ते पाण्यात फारसे नसतात, वस्तूंवर असतात. म्हणजे टाकी पूर्ण धुतली, स्पंज क्लोरीनच्या पाण्यात पिळला, की जी थोडीफार वस्ती झाली असेल तीही नाल्यात. पाणी दुधाळ झालं होतं ते वेगळेच, भराभर वाढणारे जिवाणू होते आणि ते आपोआप निवळलं असतं.

पाण्याचा पीएच ७ वरून ८ वर गेला, तर त्याच अमोनियातला विषारी भाग साधारण दहापट होतो, हेही त्याच्याकडून कळलं. आमच्या टाकीचा पीएच ७.८ निघाला. नळाचं पाणी दोषी नव्हतं, पण त्यात घाई अजिबात खपत नव्हती.

बाटलीबद्दल त्याला मुद्दाम विचारलं, कारण सगळ्याच बाटल्या खोट्या असं म्हणणं बरोबर नाही. खऱ्या जिवाणूंच्या बाटल्या मिळतात आणि त्यांनी मदत होऊ शकते. पण हे जिवाणू वाळून बीजरूपात टिकत नाहीत. उन्हात, काचेच्या कपाटात वर्षभर पडलेल्या बाटलीत ते जिवंत असण्याची आशा कमी. आणि बाटली खरी असली तरी टेस्ट केल्याशिवाय मासे सोडायचे नाहीत.

मी दुकानात गेलो. लेबल दाखवलं. तो म्हणाला, “कंपनीनं नाव बदललंय.” मग म्हणाला, पहिल्या लॉटातलं मासं मरत्यातच. शेवटी चार गप्पी फुकट द्यायला तयार झाला. मी घेतले नाहीत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर फोन केला, तिथं नीट ऐकून घेतलं आणि बिल आहे का विचारलं. माझ्याकडं नाव नसलेली चिठ्ठी आणि रोख व्यवहार. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, दोन वर्षांची मुदत असते, पण दुकानातून घेतल्याचा पुरावाच नसेल तर उभं कशावर राहायचं? म्हणूनच दुकानाचं नाव लिहीत नाही. तुम्ही मात्र दोनशे रुपये जास्त गेले तरी चालतील, पण छापील बिल घ्या. बाटलीवर महिना, किंमत आणि बनवणाऱ्याचा पत्ता बघा, आणि लेबलावर लेबल आहे का ते नखानं तपासा.

वहीतली बेरीज अशी: मासे २१००, बाटल्या ११४०, धुण्याची मजुरी ६००, औषधं ४२०, तपासणी १००. एकूण ४३६०. टाकीच्या किमतीपेक्षा जास्त.

तिसऱ्या खेपेतले तीन मासे तोवर गेले होते. उरलेले पाच त्या मुलानं त्याच्या जुन्या टाकीत नेले, त्यातला एक गेला, चार वाचले. आमची टाकी या वेळी कुणी धुतली नाही. त्यानं त्याच्या चालू फिल्टरमधून चार बोटं स्पंज कापून आणला आणि आमच्या स्पंजाला खेटून ठेवला. ते बघून आप्पा म्हणाले, “म्हंजे विरजणच की.” अगदी तेच. पण दही एका रात्रीत लागतं, याला आठवडे लागतात. टाकीत मासा एकही नाही, पंप चोवीस तास चालू, हीटर २६ अंशांवर, आणि रोज चिमूटभर माशांचं खाणं टाकायचं, म्हणजे ते कुजून जिवाणूंना अमोनिया मिळत राहतो. किट मी ऑनलाइन मागवलं. रोज संध्याकाळी सहा वाजता नळी हातात धरून मी आणि आप्पा रंग जुळवायचो. दहाव्या दिवशी हिरवा फिका होऊ लागला आणि नायट्राइटची नळी जांभळी. नेमका तेव्हाच दुकानात जाऊन मासे आणायचा मोह होतो, कारण अमोनिया उतरलेला दिसतो. ते जांभळं पाणीही मारतंच. दोन्ही शून्य झाल्याशिवाय हलायचं नाही.

सत्ताविसाव्या दिवशी पहिल्यांदा दोन्ही नळ्यांनी शून्य दाखवलं. पुढचे तीन दिवसही तसंच. मग निम्मं पाणी बदललं, आदल्या रात्री भरून ठेवलेलं आणि ॲंटीक्लोरीन घातलेलं, खऱ्या लेबलाच्या बाटलीतलं. वाचलेल्या चारपैकी दोन मॉली आधी आणल्या, आठवड्यानं उरलेले दोन गप्पी. गोल्डफिश आता आणणार नाही, पंचावन्न लिटरची टाकी त्यांना पुरत नाही हे दुकानदारानं कधी सांगितलंच नव्हतं.

आज दीड महिना झाला. वहीच्या डाव्या पानावर चारच ओळी आहेत आणि त्यांच्यासमोर लाल रेघ नाही. येत्या रविवारी आणखी चार गप्पी आणायचे म्हणतोय, पण शनिवारी आधी नळ्या बघणार, असं आप्पांनी स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलंय.